इंकस्केपमध्ये गोधडीची नक्षी आखताना: रेषा, शिवण आणि माप

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक भगिनी बरीच वर्षे हाताने गोधड्या शिवत आल्या आहेत आणि आता त्यांनी इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची नक्षी आखायला घेतली आहे. पडद्यावर सगळे तुकडे नेमके बसतात, पण कापड कापून शिवायला घेतले की त्रिकोणांची टोके जुळत नाहीत आणि तयार झालेला ब्लॉक (तुकडे जोडून केलेला नक्षीचा एक चौकोन) ठरवलेल्या मापापेक्षा लहान भरतो. चूक आखणीत आहे की शिवणीत, आणि या कामासाठी वेगळे, विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सॉफ्टवेअरविषयी, कारण ते लवकर सांगून होते. इंकस्केप या कामाला पुरेसे आहे. २००३ पासून ते मुक्त स्रोत प्रकल्प म्हणून वाढत आले आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते ठिपक्यांचे चित्र न काढता मापाची रेषा काढते. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला चौकोन हा रंगीत ठिपक्यांचा पुंजका असतो. इंकस्केपमधला चौकोन मात्र ‘येथून येथपर्यंत ३ इंच’ असा लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही आणि त्याचे माप केव्हाही विचारता येते. इलेक्ट्रिक क्विल्टसारखी खास रजईकामासाठी केलेली विकतची सॉफ्टवेअर तयार ब्लॉकांचा साठा देतात, कापण्याचे तक्ते काढून देतात आणि कापड किती लागेल तेही सांगतात. वर्षाला डझनभर मोठ्या रजया ऑर्डरने करणाऱ्या व्यक्तीला तो खर्च परवडतो. स्वतःची नक्षी शोधणाऱ्या व्यक्तीने आधी इंकस्केपमध्ये हात बसवावा असे माझे ठाम मत आहे, कारण तिथे मार्जिन (शिवणीसाठी कडेला सोडायचे जादा कापड) का धरायचे आणि किती धरायचे हे आपले आपल्याला समजून घ्यावे लागते, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे.

आता मूळ मुद्दा. चित्रात रेषा म्हणजे दोन रंगांमधली सीमा असते. गोधडीत ती शिवण असते. शिवणीला दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच कापड लागते, ती एका ठरावीक क्रमाने घालावी लागते, आणि कापडाला जाडी असल्यामुळे ती घडीत थोडे माप खाते. पडद्यावरच्या रेषेला यांपैकी काहीच लागू नसते. म्हणून नक्षी आखायला बसल्यावर प्रत्येक रेषा ओढताना ‘ही मी कोणत्या क्रमाने शिवणार आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. मी एक साधी कसोटी लावते. पूर्ण ब्लॉकमध्ये एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत आरपार जाणारी निदान एक सरळ रेषा सापडली पाहिजे. त्या रेषेवर ब्लॉकचे दोन भाग केले की प्रत्येक भागात पुन्हा तशीच आरपार रेषा सापडली पाहिजे, आणि असे करत करत एकेका तुकड्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. हीच उतरंड उलट्या क्रमाने शिवायची असते. कुठे आरपार रेषा सापडलीच नाही, म्हणजे तीन रेषा मधेच एका बिंदूवर येऊन थांबल्या असतील, तर तिथे कोपऱ्यात सुई थांबवून कापड वळवून शिवावे लागेल. ते अशक्य नाही. षटकोनांची गोधडी अशीच हाताने जोडतात. मात्र ते शिवण्याच्या दिवशी कळण्याऐवजी आखण्याच्या दिवशी कळलेले बरे.

इथे एक भेद सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्यांना वरची कसोटी लागूच होत नाही. जुन्या मऊ लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरून, वर ठिगळे मांडून, त्यांच्या कडा आत दुमडून सगळ्या थरांतून एकदम धावदोरा घालत जाणे, ही आपली वाकळ शिवण्याची एक मोठी परंपरा आहे. तिच्यात ठिगळे एकमेकांना कडेला कडा लावून जोडलेली नसतात, तर एकावर एक थोडी चढलेली असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातील सिद्दी स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच: कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत यायचे, आणि कोपऱ्यांवर घडीच्या त्रिकोणांचा ‘फुला’ लावायचा. अशा कामाची आखणी करायची असेल तर इंकस्केपमध्ये आरपार रेषा शोधू नका. तिथे वस्तू वर आणण्याची आणि खाली नेण्याची सोय वापरा. जे ठिगळ शेवटी बसणार ते सर्वांत वर, आणि खाली जाणाऱ्या ठिगळाची झाकली जाणारी कड निदान अर्धा इंच वरच्या ठिगळाखाली सरकवलेली, असे चित्र काढले की ते जसेच्या तसे शिवता येते. तुमच्या प्रश्नात त्रिकोणांची टोके जुळण्याचा उल्लेख आहे, म्हणजे तुम्ही कडेला कडा जोडून ब्लॉक करता, असे धरून पुढचे लिहिते.

कामाला बसण्याआधी दोन गोष्टी ठाकठीक करा. ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये एकक इंच ठेवा, पानाचे माप गोधडीच्या मापाइतके द्या, आणि पाव इंचाची चौकट जाळी सुरू करून दर चौथी रेषा ठळक ठेवा, म्हणजे ठळक घर एक इंचाचे होते. मग वस्तू जाळीला चिकटण्याची सोय चालू करा, जेणेकरून नजरेच्या अंदाजाने काहीही ठेवले जाणार नाही. दुसरी गोष्ट फार कमी जण करतात आणि बहुतेक तुमचा घोटाळा तिथेच सुरू होतो. इंकस्केपच्या प्राधान्यक्रमांत (‘प्रेफरन्सेस’), साधनांच्या भागात, वस्तूचे माप दृश्य चौकटीने धरायचे की भौमितिक चौकटीने असा पर्याय आहे, आणि सुरुवातीला तो दृश्य चौकटीवर असतो. म्हणजे वस्तूभोवतीच्या रेषेची जाडीही मापात मोजली जाते. रेषा नेहमी कडेच्या अर्धी आत आणि अर्धी बाहेर असते. १ मिलिमीटर जाडीच्या रेषेचा चौकोन काढून तुम्ही वरच्या पट्टीत रुंदी ३ इंच लिहिली, तर त्यात रेषेचा तो मिलिमीटर धरला जातो आणि खरा चौकोन ७६.२ ऐवजी ७५.२ मिलिमीटरचा होतो. पडद्यावर हे कोणालाही दिसणार नाही. मात्र असे १२ चौकोन एका ओळीत आले की १२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच नाहीसा होतो. पर्याय भौमितिक चौकटीवर करा, किंवा आखणीच्या काळात रेषाच काढून टाकून नुसता रंग भरा. कोणाकडून जुनी फाइल मिळाली असेल तर आणखी एक सावधगिरी हवी: इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून एका इंचाचे ९० ऐवजी ९६ एकक धरले जाऊ लागले, त्यामुळे त्याआधीची फाइल उघडताना मापे बदलली नाहीत ना हे एखादा ओळखीचा तुकडा मोजून पाहावे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, कारण आकडे समोर असले की बोलणे सोपे जाते. ३६ बाय ३६ इंचांचे बाळाचे दुपटे, त्यात ६ इंची फिरकीचे ३६ ब्लॉक, सहा ओळींत सहा सहा. प्रत्येक फिरकीत ३ इंची चार घरे, आणि प्रत्येक घर तिरक्या शिवणीने गडद आणि फिकट अशा दोन त्रिकोणांत विभागलेले. इंकस्केपमध्ये एकच घर नीट काढावे: दोन त्रिकोण, एक गडद, एक फिकट, आणि त्यांचा गट. त्याच्या तीन प्रती काढून त्या प्रत्येकी ९०, १८० आणि २७० अंशांत फिरवून जागेवर बसवल्या की फिरकी झाली. मग त्या फिरकीच्या साध्या प्रती न काढता ‘क्लोन’ काढावेत. क्लोन मुळाशी बांधलेला राहतो, त्यामुळे मूळ फिरकीतला कर्ण उलटा करून पाहावासा वाटला तर ती एकच बदलायची आणि सगळे दुपटे त्याच क्षणी बदलते. हाताने आखलेल्या आलेखाच्या कागदावर यासाठी १४४ घरे खोडावी लागली असती, आणि माझ्या मते संगणकाचा खरा उपकार इथे आहे. रंगांच्या बाबतीतही हेच करावे: गडद रंग ‘स्वॉच’ म्हणून जपून ठेवला की तो एका ठिकाणी बदलल्यावर सगळीकडे बदलतो. ‘टाइल्ड क्लोन्स’ या खिडकीत सममितीचे १७ प्रकार दिलेले आहेत. सपाट पृष्ठावर पुनरावृत्तीची नक्षी यापेक्षा वेगळ्या प्रकाराने भरताच येत नाही, हे गणितात सिद्ध झालेले आहे. सुरुवातीला नुसत्या सरकवण्याच्या प्रकारावर काम भागते, पण पुढे एखाद्या दुपारी एकच वेडावाकडा त्रिकोण घेऊन सतराही प्रकार पाहावेत. डोक्यात कधी आली नसती अशी नक्षी त्यातून निघते.

मार्जिनचा भाग हा सगळ्यांत नाजूक आहे, म्हणून त्याच्यावर थोडा थांबते. आखणीतले प्रत्येक माप शिवणीच्या रेषेचे असते; कापण्याचे माप त्याहून मोठे असते. चौकोनाच्या बाबतीत हिशेब सोपा आहे, ३ इंची चौकोन साडेतीन इंचांचा कापायचा. त्रिकोणाच्या बाबतीत मात्र बहुतेक जणी इथेच चुकतात, कारण त्याही अर्धाच इंच वाढवतात. काटकोन त्रिकोणाच्या तिरक्या बाजूलाही पाव इंच मार्जिन लागते, आणि ते मार्जिन दोन्ही टोकांना कोपरा बाहेर ढकलत नेते. हिशेब केला तर सरळ बाजू ०.८५ इंचापेक्षा किंचित जास्त वाढते, म्हणजे व्यवहारात सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणून ३ इंची घराचे दोन त्रिकोण मिळवण्यासाठी ३ इंच ७ सुतांचा चौकोन कापून तो कर्णावर दुभागायचा. तुम्ही साडेतीन इंचांचा चौकोन कापून दुभागत असाल, तर तुमचा ब्लॉक लहान का भरतो आणि टोके शिवणीत का गडप होतात, याचे उत्तर हेच आहे.

इंकस्केपकडून हा हिशेब करवून घेता येतो, पण योग्य साधन निवडले तरच. ‘डायनॅमिक ऑफसेट’ नावाची आज्ञा आकार बाहेर वाढवते, मात्र वाढवताना कोपरे गोलावते, आणि गोल कोपऱ्यांचा त्रिकोण कापडावर ठेवून उपयोग नसतो. त्याऐवजी तुकड्याची एक प्रत वेगळ्या स्तरावर घेऊन तिला ‘पाथ इफेक्ट्स’मधला ‘ऑफसेट’ लावावा, एकक इंच आणि अंतर ०.२५ द्यावे, आणि जोड टोकदार ठेवावा. आतली रेषा तुटक आणि बाहेरची अखंड ठेवली की साच्यावर शिवण आणि कात्रीची रेषा दोन्ही दिसतात. फार निमुळती टोके, साधारण २९ अंशांपेक्षा कमी कोनाची, मर्यादा वाढवली नाही तर बोथट कापली जातात. ती तशीच राहू द्यावीत, कारण ते लांब टोक शिवणीत नाहीतरी कापूनच टाकायचे असते. माझी स्वतःची पद्धत याहून सैल आहे. मी घरासाठी पूर्ण ४ इंचांचे चौकोन कापते, एक गडद आणि एक फिकट असे जोडीने ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंना शिवून कर्णावर दुभागते, इस्त्री करते, आणि मग पट्टी ठेवून प्रत्येक घर साडेतीन इंचांना छाटते. यात थोडे कापड वाया जाते हे मान्य आहे, पण टोके नेमकी लागतात.

याच उदाहरणात कापडाचा हिशेब असा होतो. १४४ घरे म्हणजे गडद कापडाचे ७२ आणि फिकट कापडाचे ७२ चौकोन. ४४ इंच पन्ह्याच्या सुती कापडातून काठ आणि आटणे सोडून ४२ इंच हाती येतात असे धरले, तर एका पट्टीत ४ इंची १० चौकोन बसतात. ७२ चौकोनांना ८ पट्ट्या, म्हणजे ३२ इंच, सुमारे ८१ सेंटिमीटर. प्रत्येक रंगाचे एक मीटर कापड घ्यावे, धुऊन आटवावे आणि मगच कापावे.

विकत घेतलेल्या कापडापेक्षा घरातल्या जुन्या कापडाची आखणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण गोधडीचा जीव त्यात असतो. नऊवारी लुगडे ९ वार लांब असले तरी ते सगळे वापरण्याजोगे नसते. बसण्याच्या जागी विरलेले असते, कुठे फाटलेले असते, कुठे डाग असतो. मी असे लुगडे अंथरून मोजते आणि इंकस्केपमध्ये त्याच मापाचा आयत काढते. विरलेल्या आणि फाटलेल्या जागा त्यावर करड्या रंगाने भरते, काठ आणि पदर वेगळ्या रंगाने दाखवते, आणि मग कापण्याच्या मापाचे तुकडे त्या नकाशावर मांडून पाहते. एकदा आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ दुपट्याच्या चारही कडांना पुरेल की नाही, अशी शंका होती. नकाशावर मांडले तेव्हा तो तीन कडांनाच पुरत होता. चौथ्या कडेला पदराचा तुकडा लावायचा हे कात्री लावण्याआधी ठरवता आले. असे कापड पुन्हा मिळत नसते.

नकाशावर तुकडे मांडताना ताण्याची, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांची, दिशा विसरू नये. प्रत्येक तुकड्यावर एक लहान बाण काढून त्याच्याशी गट करावा, म्हणजे तुकडा फिरवला की बाणही फिरतो. त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, पडते आणि उरेब बाजू हाताळताना ताणली जाते. ब्लॉकच्या बाहेरच्या कडेवर उरेब आली तर पूर्ण ब्लॉक लाटांसारखा उठतो, म्हणून बाहेरची कड नेहमी ताण्याच्या किंवा बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने आणि उरेब बाजू आतल्या शिवणीत, असे तुकड्यावर काढलेला बाण पाहून ठरवावे. जुन्या विरलेल्या सुती कापडात हा फरक नव्या कापडापेक्षा जास्त जाणवतो.

छपाईच्या बाबतीत माझा एक अनुभव सांगते. पहिल्यांदा साचे छापायचे होते तेव्हा मी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या एका दुकानात गेले. तिथल्या यंत्राने पान कागदात बसवण्यासाठी आपोआप थोडे लहान केले, आणि मी ते न मोजता घरी आणून २० तुकडे कापले. उरलेले तुकडे मी पट्टीने मोजून कापले होते. दोघांचे काही केल्या जुळेना, आणि चूक शोधण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात २ इंचांचा एक चौकोन असतो. फाइल पीडीएफ करावी, छापताना ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के हा पर्याय निवडावा, आणि दुकानातून निघण्याआधी तो चौकोन पट्टीने मोजावा. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक प्रिंटर कडेची थोडी जागा छापत नाहीत, त्यामुळे मार्जिनसह ७ बाय १० इंचांपर्यंतचा साचा एका पानावर निर्धास्तपणे बसतो. त्याहून मोठा असेल तर दोन पानांवर विभागून जुळवणीच्या खुणा कराव्यात. कागदावरच कापड शिवून नंतर कागद फाडून काढण्याची पद्धत वापरणार असाल तर छापण्याआधी आकृती आडवी उलटवावी लागते, कारण त्या पद्धतीत कापड कागदाच्या मागच्या बाजूला असते आणि तयार ब्लॉक आरशातल्यासारखा उलटा येतो. निवड साधन हातात असताना इंग्रजी ‘एच’ ही कळ दाबली की हे होते.

रंगांविषयी एवढेच सांगते की पडद्यावरचा रंग कापडाचा नसतो. दिवसाच्या उजेडात कापडाचा फोटो काढून तो तुकड्यात भरता येतो, आणि फुलांचा छाप खऱ्या मापाचा ठेवला तर ३ इंचांच्या त्रिकोणात फूल पूर्ण येते की अर्धे कापले जाते हेही दिसते. त्याहून उपयोगी म्हणजे पूर्ण आखणी क्षणभर करड्या छटांत पाहणे. ‘व्ह्यू’मध्ये तशी सोय आहे. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी कितीही वेगळे वाटले तरी करड्या छटांत ते एकच दिसत असतील, तर दोन हातांवरून पाहताना फिरकी विरून जाते आणि नुसता रंगांचा गोंधळ उरतो.

आतापर्यंतचे सगळे वरच्या थराविषयी झाले. धावदोऱ्याची नक्षी हा दुसरा, स्वतंत्र आराखडा आहे आणि तो वेगळ्या स्तरावरच काढावा. यासाठी आपल्याकडे एक तयार शाळा आहे ती ठिपक्यांच्या रांगोळीची. इंकस्केपची जाळी रेषांऐवजी ठिपक्यांत दाखवता येते, आणि अर्धा किंवा एक इंचावर ठिपके ठेवले की रांगोळीत हात जसा वळतो तसाच टाक्यांचा मार्ग सुचतो. तिरक्या ठिपक्यांसाठी ‘अ‍ॅक्सोनोमेट्रिक’ जाळी घ्यावी. षटकोनही तिच्यावरच काढावेत. मशीनने टाके घालणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: धागा न तोडता पूर्ण आकृती एका दमात शिवता येते का? त्यासाठी प्रत्येक छेदबिंदूतून निघणाऱ्या रेषा मोजाव्यात. विषम संख्येने रेषा निघणारे बिंदू एकही नसतील किंवा फक्त दोनच असतील, तर ती सलग आकृती एका धाग्यात होते. दोन असतील तर एकावर सुरू करून दुसऱ्यावर संपवायची. ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या पुलांच्या प्रश्नावर मांडलेला हा नियम शिवणकामाला चपखल बसतो. हाताने शिवणाऱ्यांना याची तितकी गरज नाही, कारण हातभर धागा नाहीतरी संपतो आणि सुई थरांच्या आतून पुढच्या जागी नेता येते.

धावदोरा तुटक रेषेने दाखवावा आणि तिची जाडी खऱ्या दोऱ्याइतकी ठेवावी. जाड रेषा पडद्यावर शोभिवंत दिसते, पण तयार गोधडीत दोरा तितका कधीच दिसत नाही, आणि मग अपेक्षाभंग होतो. किती दोरा लागेल याचाही अंदाज आखणीतून मिळतो. आपल्या ३६ इंची दुपट्यावर अर्ध्या अर्ध्या इंचावर एकाच दिशेने ओळी घातल्या तर सुमारे ७२ ओळी होतात, म्हणजे जवळजवळ ६६ मीटर नुसती लांबी. थरांतून वरखाली जाण्यासाठी आणि गाठींसाठी लागणारा दोरा वेगळा. दाट धावदोऱ्याने दुपटे सर्व बाजूंनी थोडे आवळते, म्हणून ३६ इंच भरायलाच हवे असेल तर आखणीत कडेची पट्टी एक इंच जास्त ठेवावी.

दुपट्यावर बाळाचे नाव देवनागरीत ठिगळकामाने लावण्याची इच्छा पुष्कळांना असते, म्हणून तेवढे जोडते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘बलू’ हा मुक्त परवान्याचा टंक जाड आणि गोलसर असल्यामुळे कापडात कापायला सोपा जातो. नाव लिहून ते पाथमध्ये, म्हणजे साध्या बाह्यरेषेत, बदलावे, गट सोडवावा, आणि सर्व अक्षरांवर ‘युनियन’ची आज्ञा द्यावी. ही शेवटची पायरी चुकवू नये, कारण टंकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी असते आणि ती शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढते. न जोडता छापले तर प्रत्येक अक्षराच्या सीमेवर उभी रेघ दिसते आणि ती कापायची की नाही हे कळत नाही. जोडल्यावर पूर्ण नाव शिरोरेषेने बांधलेला एकच तुकडा होतो, जो सुट्या रोमन अक्षरांपेक्षा मांडायला किती तरी सोपा असतो. अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्ता तेवढे वेगळे राहतात. ‘थ’, ‘भ’, ‘ध’ यांच्या गाठींतली भोके पाव इंचापेक्षा लहान येत असतील तर ती बुजवून तिथे नुसता टाका घालावा.

शेवटी तुमच्या ब्लॉककडे परत येते. पूर्ण दुपटे कापायच्या आधी एकच फिरकी शिवा, इस्त्री करा आणि कडेपासून कडेपर्यंत मोजा. शेजारच्या ब्लॉकला जोडण्याआधी ती साडेसहा इंच भरली पाहिजे. ती ६ इंच ३ सूत भरली, म्हणजे एक सूत कमी, तर मधल्या शिवणीने दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा सूत जास्त खाल्ला आहे. सहा ब्लॉकांच्या ओळीत तेवढ्यानेच पाऊण इंच जातो. अशा वेळी आखणी बदलू नका, मशीनच्या पायापासून कापडाची कड एका दोऱ्याने आत घ्या, म्हणजे शिवण पाव इंचापेक्षा किंचित कमी पडेल, आणि पुन्हा मोजा. ब्लॉक साडेसहा भरूनही टोके गडप होत असतील, तर दोष त्रिकोणांच्या कापणीत आहे. इतके करूनही जुळले नाही, तर मला तीन मापे कळवा: छापील कागदावरच्या २ इंची चौकोनाचे, एका घराचे इस्त्री केल्यानंतरचे, आणि पूर्ण फिरकीचे. या तिन्हींवरून चूक कागदात आहे, कात्रीत आहे की शिवणीत, हे सांगता येईल.